फोटोतली रेघ उल्केची की सॅटेलाइटची?
डिसेंबर लागला की गावाकडच्या ग्रुपवर फोटो सुरू होतात, खाली तुरीचं वावर, वर चांदण्या, मधातून एक पांढरी रेघ अन् कॅप्शन "तारा तुटला". फोटो खरंच भारी असतात, पण त्यातल्या बऱ्याच रेघा सॅटेलाइटच्या असतात भाऊ.

याचं कारण वेगात आहे. उल्का म्हणजे बहुतेक वेळा वाळूएवढा कण, ८०-१०० किमी उंचीवर जळतो, जेमिनिड्सच्या (दर डिसेंबरातल्या उल्कावर्षावाच्या) उल्का तर सेकंदाला ३५ किमीनं येतात नं साधारण सेकंदभरात खेळ खलास. सॅटेलाइट जळत नाही, त्याच्यावर पडलेला सूर्याचा उजेड आपल्याला दिसतो, अन् स्पेस स्टेशन ४०० किमीवरून जाताना अगदी डोक्यावर असलं तरी सेकंदाला एखाद डिग्रीच सरकतं. म्हणून कॅमेऱ्याच्या सेन्सरच्या (उजेड टिपणाऱ्या पट्टीच्या) एका ठिपक्यावर सॅटेलाइटचा उजेड कितीतरी जास्त वेळ पडतो. डोळ्याला न दिसलेला सॅटेलाइट फोटोत ठळक येतो, अन् जिला पाहून सगळे ओरडले ती उल्का फोटोत फिक्कट किंवा गायबच. शटर १५ चं ३० सेकंद केल्यानं उल्का उजळ होत नाही, तिच्यासाठी आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) वाढवा अन् ॲपर्चर (लेन्सचं भोक) पूर्ण उघडा. साधा १८-५५ लेन्स असला तर १८ वर ठेवा, एफ ३.५, आयएसओ ३२००, १५ सेकंद, फोकस मॅन्युअल, बस झालं.

आता रेघ झूम करून पाहा. उल्केची रेघ बारीक सुरू होते, पुढे जाड होते, मग निमुळती होऊन संपते, कधी शेवटाकडे भडका दिसतो, अन् बऱ्याचदा हिरवट झाक असते. सॅटेलाइटची रेघ दोरी लावून आखल्यासारखी, एकाच जाडीची, पांढरी, दोन्ही टोकं कापल्यासारखी, कारण शटर उघडलं तिथं ती सुरू होते अन् बंद झालं तिथं संपते. विमान तर लगेच कळतं, लुकलुकत्या लाईटचे ठिपके असतात.

पण स्वतःभोवती गोल गोल फिरणारा सॅटेलाइट मधातच चमकला की त्याची रेघही उल्केसारखी निमुळती येते, तिथं नुसता आकार पाहून काही म्हणू नका. मग आगचा-मागचा फ्रेम पाहायचा. ट्रायपॉडवर एकामागोमाग फोटो काढत राहा, लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (फोटोतले दाणे काढणारं सेटिंग) बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ थांबतो. रेघ पुढच्या फ्रेममध्ये तिथूनच पुढे गेली तर सॅटेलाइट, एकाच फ्रेममध्ये संपली तर बहुतेक उल्का. मोबाईलचा नाईट मोड बरेच फोटो जोडून एक बनवतो, त्यात सॅटेलाइटची रेघ तुकड्या-तुकड्यांत येऊ शकते.

वेळही पाहा. सॅटेलाइट जास्त करून संध्याकाळी अन् पहाटे दिसतात, हिवाळ्यात मध्यरात्री खालच्या उंचीवरचे सगळे पृथ्वीच्या सावलीत गेलेले असतात. जेमिनिड्सचा जोर १३-१४ डिसेंबरच्या रात्री, अन् त्या पुनर्वसू नक्षत्राच्या जोडताऱ्यांजवळून फाकतात, रेघ मागे वाढवली तर तिकडेच गेली पाहिजे. रात्री दोनच्या आसपास पुनर्वसू डोक्यावर असतो, जागलीला वावरात असाल तर कॅमेरा तेव्हाच लावा, फक्त लेन्सवर दहिवर जमतं तेवढं पुसत राहा.

आणखी एक प्रकार, म्हणजे पडणारा रॉकेटचा कचरा, आपल्या विदर्भानंच पाहिला. २ एप्रिल २०२२, पाडव्याची संध्याकाळ, आभाळातून जळत्या तुकड्यांची रांग गेली, लोक उल्कापात म्हणत होते, अन् सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूचं मोठं कडं पडलेलं सापडलं. ते चीनच्या चांग झेंग ३बी रॉकेटचे तुकडे असावेत असं जाणकारांनी सांगितलं. कक्षेतून पडणारा असा कचरा सेकंदाला साडेसात-आठ किमीनं येतो, उल्का ११ च्या खाली येत नाही, म्हणून तो सावकाश जाताना दिसतो, चांगला व्हिडिओ काढण्याएवढा वेळ मिळतो. तेव्हा व्हिडिओच काढा, अन् काही पडलेलं दिसलं तर हात न लावता पोलीस पाटलाला सांगा.