क्रूस का कलतात? खान्देशातली चर्चं आणि त्यांच्या पायाखालची काळी माती

खान्देशातल्या काळ्या जमिनीवरच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत शिरलात की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. क्रूस सरळ उभे नसतात. कुठे फरशी मधोमध खचलेली, कुठे कबरीचा चौथरा एका अंगाला उचललेला, आणि कुंपणाच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग. यावर गावात दोन मतं ऐकू येतात. पहिलं, ठेकेदारानं सिमेंट खाल्लं. दुसरं जरा दबक्या आवाजात सांगतात, आतला माणूस अस्वस्थ आहे. या दुसऱ्या मताला हल्ली मोबाईल मिळालाय. ‘कबर वर येतेय’ असा मथळा आणि पार्श्वभूमीला घुबडाचा आवाज, असे व्हिडिओ एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर फिरत असतात.

कबर वर येते हे मात्र खरं आहे. पावसाळ्यात वर येते, उन्हाळ्यात खाली बसते आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. आतल्या माणसाचा त्यात काही हात नसतो. हलते ती भोवतालची माती.

ही चर्चं इथे आली कशी, ते थोडक्यात. १८५३ साली मुंबईहून ठाण्याला पहिली गाडी धावली. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा हाच मार्ग पुढे घाट चढून खान्देशात उतरला. भुसावळला त्याला फाटा फुटला. एक रूळ १८६७ मध्ये नागपूरला पोचला, दुसरा १८७० मध्ये जबलपूरला. तापीकाठच्या या गावात इंजिनांच्या शेड आल्या, कारखाना आला आणि त्यांच्याबरोबर गार्ड, ड्रायव्हर, फिटर, खानसामे आले. त्यांत गोव्याचे होते, वसई-साष्टीकडचे ईस्ट इंडियन (तिथले मराठी बोलणारे कॅथलिक) होते, अँग्लो-इंडियन होते, तमिळ कॅथलिकही होते. रविवारची मिस्सा (सामूहिक उपासना) हवी, मुलांचा स्नानसंस्कार हवा आणि माणूस गेला की त्याला ठेवायला जागा हवी. रेल्वेगावातलं कॅथलिक चर्च आणि त्याची दफनभूमी या गरजेतून उभी राहते. (आज खान्देश नाशिक धर्मप्रांतात येतो. हा धर्मप्रांत १९८७ मध्ये पुण्यापासून वेगळा झाला.)

या इमारतींचा थाट मोठा नसतो. एक लांबट खोली, टोकाला वेदी, टोकदार कमानीच्या खिडक्या, बाहेरून भिंतींना टेकू देणारे दगडी खांब, दर्शनी भिंतीवर कमानीत टांगलेली घंटा. भिंती इथल्याच काळ्या दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या. वर उतरतं छप्पर, आणि पुष्कळ ठिकाणी मंगळुरी कौलं. गंमत अशी की या कौलांचा धंदा १८६५ मध्ये मंगळूरला सुरू केला तो बासेल मिशनच्या प्रॉटेस्टंट पाद्र्यांनी, आणि रेल्वेनं ती गावोगावी नेली. कॅथलिक मिस्सा प्रॉटेस्टंट कौलांखाली झाली म्हणून पाऊस काही आत आला नाही.

आता माती. माझ्या मते खान्देशातल्या प्रत्येक इमारतीचा खरा इतिहास पायाखालून सुरू होतो.

साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले. त्याचा झाला बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण. कोकणात आणि खान्देशात मूळ दगड एकच आहे, पण त्याची माती सारखी झाली नाही. कोकणात धो धो पाऊस. तिथे पाण्यानं दगडातलं मॅग्नेशियम आणि कॅल्शियम धुऊन नेलं, वाळूचं मूलद्रव्य सिलिकाही बरंचसं नेलं. मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरलं, तोच जांभा. जळगाव-भुसावळकडे वर्षाला ७०० मिलीमीटरच्या आसपास पाऊस. एवढ्या पाण्यात हे सगळं वाहून जात नाही, तिथेच राहतं आणि त्यातून वेगळंच खनिज जमून येतं. त्याचं नाव मॉन्टमोरिलोनाइट. फ्रान्समधल्या मॉन्टमोरिलाँ गावावरून १८४७ मध्ये हे नाव पडलं, पण त्याचा संसार पाहायचा तर मे महिन्यात आमच्याकडच्या वावरात या. भेगेत काठी घाला, कधी कधी मनगटापर्यंत आत जाते.

म्हणून गोव्याच्या गार्डाला त्याच्या गावच्या जांभ्यावरच्या चर्चमध्ये जी चिंता कधी करावी लागली नाही, ती इथे करावी लागली.

मॉन्टमोरिलोनाइटच्या आत काय चालतं हे जरा सावकाश बघू, कारण सगळी मौज तिथे आहे. हे खनिज पापुद्र्यांचं असतं, केळीच्या खांबासारखं. एकेक पापुद्रा जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे मिलीमीटरचा दहा लाखावा भाग. त्या एका पापुद्र्यातही तीन पत्रे असतात. वर-खाली सिलिकॉन आणि ऑक्सिजनचा पत्रा, मध्ये ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनचा. मधल्या पत्र्यात निसर्ग एक खोड करून ठेवतो. काही ठिकाणी ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसतं. ॲल्युमिनियमवर तीन धन प्रभार असतात, मॅग्नेशियमवर दोनच. प्रत्येक अदलाबदलीमागे एक धन प्रभार कमी पडतो आणि अख्खा पापुद्रा थोडा ऋण होतो. तो ऋण प्रभार भरून काढायला बाहेरचे धन आयन (प्रभार असलेले अणू), मुख्यतः कॅल्शियम आणि सोडियम, दोन पापुद्र्यांच्या मधल्या फटीत येऊन बसतात.

या आयनांना पाण्याची ओढ असते. पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित ऋण, दुसरी किंचित धन. त्यामुळे पाणी फटीत शिरतं, आयनांभोवती गोळा होतं आणि पापुद्रे दूर सारतं. हे पायऱ्यापायऱ्यांनी होतं. कोरडं असताना एका पापुद्र्याच्या तळापासून पुढच्या पापुद्र्याच्या तळापर्यंत सुमारे १० अँगस्ट्रॉम अंतर असतं (१० अँगस्ट्रॉम म्हणजे एक नॅनोमीटर). पाण्याचा एक थर शिरला की १२.५, दोन शिरले की १५, तीन शिरले की १९ च्या आसपास. म्हणजे स्फटिक जवळपास दुप्पट जाड झाला. फटीत कॅल्शियम असेल तर गाडी इथे थांबते. सोडियम असेल तर थांबत नाही, पापुद्रे एकमेकांना सोडून पाण्यात सुटे तरंगू लागतात. शेतकरी ज्या जमिनीला चोपण म्हणतो ती या सोडियमची करणी, आणि तिच्यात जिप्सम टाकतात ते सोडियमला हाकलून कॅल्शियम आत बसवायला.

मग बाकीच्या चिकणमात्या अशा का फुगत नाहीत? कारण प्रभाराचं मोजमाप. केओलिनाइटच्या, म्हणजे पांढऱ्या चिनीमातीच्या थरांवर प्रभार जवळजवळ नसतोच. ते हायड्रोजन बंधांनी एकमेकांना घट्ट धरून असतात, पाण्याला आत बोलावणारं कुणी नसतं. अभ्रकाची तऱ्हा उलटी. त्याच्या दर रासायनिक सूत्रामागे पूर्ण एक प्रभार असतो आणि फटीत पोटॅशियम असा काही जखडून बसतो की पाण्याला वाट मिळत नाही. मॉन्टमोरिलोनाइटचा प्रभार साधारण ०.२ ते ०.६. आयनांना बोलावण्याइतका आहे, पण दार लावून घेण्याइतका नाही. पाणी आत शिरल्यावर थर कसे सरकतात याचं चित्र १९३३ मध्ये हॉफमन, एंडेल आणि विल्म यांनी क्ष-किरणांच्या मदतीनं मांडलं. या सगळ्या पापुद्र्यांचं क्षेत्रफळ मोजलं तर एका ग्रॅमला सातशे-आठशे चौरस मीटर भरतं. चिमूटभर खनिजात एकराचा पाचवा-सहावा हिस्सा! असो, आकडेमोड इथे पुरे.

घरी पाहायचं असेल तर सोपा प्रयोग आहे, आणि सरकारी मानकातही हाच आहे. काळी माती वाळवून, कुटून, बारीक चाळणीनं चाळा. १०-१० ग्रॅम दोन उंच नळ्यांत घ्या. एकीत पाणी ओता, दुसरीत रॉकेल (मिळालं तर!) आणि २४ तास हलवू नका. रॉकेलच्या रेणूला अशा धन-ऋण बाजू नसतात, म्हणून त्यातली माती आहे तेवढीच राहते. पाण्यातली वर चढते. दोन्ही आकारमानांतला फरक रॉकेलमधल्या आकारमानाच्या निम्म्याहून जास्त भरला, तर घर बांधण्याआधी अभियंत्याला गाठा.

आता दफनभूमीकडे. फुगणारी माती वरच्या वजनाला ढकलते. अशा मातीचा दाब दर चौरस मीटरला दहा टनही असू शकतो, वाईट जमिनीत त्याहून अधिक. कबरीवर १५ सेंटीमीटर जाडीची दगडी फरशी असेल तर तिचं वजन चौरस मीटरला अर्ध्या टनाहूनही कमी. माती ती सहज उचलते. चर्चची भिंत घ्या: पाच मीटर उंच, ६० सेंटीमीटर जाड, दगडी. धावत्या मीटरला सात-साडेसात टन. पाया ९० सेंटीमीटर रुंद धरला तर चौरस मीटरला आठ टन. हा सामना बरोबरीचा झाला. त्यामुळे चर्च टिकतं, कबरी हलतात आणि सगळ्यांत आधी पडते ती कुंपणाची बारकी भिंत. ठेकेदाराला शिव्या देण्याआधी हा भागाकार करून पाहावा. (नंतर द्यायला हरकत नाही.)

पण नुसतं वर-खाली झालं तर क्रूस कलायला नको. तो कलतो कारण त्याच्या दोन बाजूंची माती सारखी नसते. कबर खणताना माणूसभर खोल माती उपसली जाते आणि पुन्हा भरली जाते. ही भरलेली माती भुसभुशीत. तिच्यात पाणी लवकर मुरतं, ती दबत जाते आणि काही वर्षांनी पेटीचं लाकूड कुजलं की आणखी खाली बसते. क्रूस उभा असतो उशाशी, नेमका या भरीच्या काठावर. एकीकडे कधीच न हललेली घट्ट जमीन, दुसरीकडे खचणारी भर. तो भरीकडे कलणार, दुसरं काय करणार? जुन्या ख्रिस्ती रिवाजात मृताचे पाय पूर्वेला ठेवतात. तो पाळला असेल आणि क्रूस उशाला असतील, तर अख्खी रांगच्या रांग पूर्वेकडे झुकलेली दिसू शकते. पुढची ‘चमत्कार’ची पोस्ट कुठून येणार, हे आताच सांगून ठेवतो.

२ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, कुटुंबं येऊन कबरी साफ करतात, चुना मारतात, क्रूस सरळ करतात. भावना कितीही खरी असली तरी मातीच्या दृष्टीनं मुहूर्त वाईट. पावसाळा नुकताच सरलेला, जमीन फुगलेली. तेव्हा ओळंब्यात उभा केलेला क्रूस मे महिन्यात, पारा ४५ च्या पुढे गेल्यावर, पुन्हा कलतो.

चर्चच्या भिंतीची गोष्ट वेगळी. इमारतीखालची मधली माती ना भिजते ना वाळते, कारण तिच्यावर छप्पर आहे. कडेची माती मात्र दर उन्हाळ्यात आकसते आणि कोपऱ्यातली तर दोन बाजूंनी वाळते. कोपरा खाली जातो, मध्य जागेवर राहतो, आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी भेग निघते. ईशान्य कोपऱ्याला भेग गेली म्हणून वास्तुतज्ज्ञाला बोलावणारे ख्रिस्ती कुटुंबांतही आहेत. त्यांनी आधी त्या कोपऱ्याजवळ कडुनिंब आहे का ते बघावं. उन्हाळ्यात झाड मुळांनी खोलवरची ओल ओढून घेतं, तो कोपरा इतरांपेक्षा जास्त वाळतो. दिशेचा दोष नाही.

जुन्या गवंड्यांना आयन ठाऊक नव्हते, पण चुना ठाऊक होता. काळ्या जमिनीत चुनखडीचे गाठीगाठीचे खडे सापडतात. ते भट्टीत भाजून, चुन्याच्या घाण्यात मळून असा चुना बनवता येतो. त्या खड्यांत थोडी चिकणमाती मिसळलेली असल्यामुळे हा चुना ओलाव्यातही घट्ट होतो. तरी तो सिमेंटइतका कडक होत नाही. भिंत थोडी सरकली तर सांधे थोडे देतात, दगड फुटत नाही. बारीक भेगेत पावसाचं पाणी शिरलं तर ते चुना विरघळवून पुन्हा तिथेच साचवतं आणि भेग हळूहळू आपोआप बुजते. ‘स्वतःला जोडणारं काँक्रीट’ म्हणून आज ज्याची जाहिरात होते, त्यातली निम्मी हुशारी या चुन्यात आधीपासून होती.

नव्या बांधकामासाठी उपाय आहेत. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं तळाशी फुगवटा असलेले काँक्रीटचे खुंट रुळवले. ते साधारण साडेतीन मीटर खोल, म्हणजे ऋतूंचा ओलावा-कोरडेपणा जिथे पोचत नाही तिथवर नेतात, आणि इमारत त्या खोल मातीवर पाय रोवते. मुंबई आयआयटीचे प्रा. आर. के. कट्टी यांनी वेगळी वाट काढली: काळ्या मातीवर सुमारे मीटरभर चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा थर. कालव्यांच्या कामात तो वापरला गेला. नुसती वाळू घालून तेवढा उपयोग होत नाही, चिकटपणा लागतो.

जुन्या चर्चला यातलं काही करता येत नाही आणि बहुधा गरजही नसते. कौलांचं पाणी पन्हाळीनं भिंतीपासून लांब न्यावं, भिंतीलगत फुलझाडांना रोज पाणी घालू नये. भेगा मे महिन्यात, सर्वांत रुंद असताना, सिमेंटनं ठासून भरू नयेत. पावसाळ्यात जमीन फुगली की भेग मिटायला बघते, आत कडक पाचर असते, आणि मग शेजारचा दगड फुटतो. हिवाळ्यात, चुन्यानं भराव्यात. क्रूसाचा पाया भरीच्या काठावर न ठेवता न खणलेल्या जमिनीत मीटरभर खाली न्यावा, भोवती मुरूम ठोकावा. कुंपणाच्या भिंतीला दर काही मीटरवर मोकळा सांधा सोडावा, म्हणजे तिला हलायला जागा राहील.