स्विचओव्हरचा वाद: मोल्डिंगमधल्या दोषांची पार्श्वभूमी

इंजेक्शन मोल्डिंगचा, म्हणजे वितळलेलं प्लॅस्टिक दाबाने साच्यात भरून वस्तू बनवण्याचा, माग 1872 च्या एका अमेरिकन पेटंटपर्यंत जातो. सेल्युलॉइड तापवायचं आणि दट्ट्याने साच्यात रेटायचं, इतकंच ते यंत्र. दट्ट्या माल ढकलतो, घुसळत नाही. त्यामुळे बॅरलच्या, म्हणजे माल तापवणाऱ्या नळीच्या, कडेचा माल करपायचा आणि मधला कच्चा राहायचा. 1946 मध्ये अमेरिकेत स्क्रूचं यंत्र आलं. पुढच्या दशकात मागे-पुढे सरकणारा स्क्रू रुळला, प्लॅस्टिकचा दाणा एकसारखा वितळू लागला.

वाद उरला तो स्विचओव्हरचा. मोल्ड (साचा) भरत आला की वेगाने रेटणं सोडून होल्डिंग प्रेशरवर, म्हणजे माल गोठेपर्यंत धरून ठेवायच्या दाबावर, जायचं, पण नेमकं कधी? जुन्या हायड्रॉलिक मशीन हे टायमरवर ठरवत. तेल तापलं की स्क्रूची चाल बदलते, सेकंद मात्र तेवढेच. मग एकाच सेटिंगवर कधी शॉर्ट (अर्धवट भरलेला पार्ट), कधी फ्लॅश (कडेने बाहेर आलेला माल). भोसरी-वसईच्या गाळ्यांत याचं खापर अजूनही बहुतेकदा डायवर, म्हणजे साच्यावरच, फुटतं, आणि डाय बिचारी पॉलिशला जाते.

स्क्रूची जागा मोजता येऊ लागल्यावर 95 ते 98 टक्के भरावाला स्विचओव्हर करायची रीत आली. 1980 च्या दशकात जपानमध्ये ऑल-इलेक्ट्रिक मशीन आल्या, तेव्हा ही बाजू आणखी भक्कम झाली. दुसरा पक्ष म्हणतो, दाब मोल्डच्या आतच मोजा. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर आहे. पण सेन्सर महाग, त्यासाठी डायला भोक पाडावं लागतं, आणि एका डायमधल्या सोळा कॅव्हिटींपैकी (पार्टच्या पोकळ्यांपैकी) सेन्सर कुठल्या कॅव्हिटीत बसवायचा हा प्रश्न राहतोच. बादल्या-डब्यांना हा खर्च परवडत नाही, सिरिंजला परवडतो.

या भांडणात सिंक मार्कची (पार्टवर पडणाऱ्या खळग्याची) साधी तपासणी मागे पडली. पॉलिप्रॉपिलीन थंड होताना 1 ते 2.5 टक्के आकसतं, ती तूट होल्डिंगने भरायची असते. म्हणून होल्डिंगचा वेळ थोडाथोडा वाढवत पार्ट वजनकाट्यावर ठेवायचा. वजन वाढायचं थांबलं की गेट, म्हणजे माल आत शिरायचं तोंड, गोठलं. त्यापुढचा वेळ वाया. तरीही सिंक दिसला की सेटरचा (मशीन लावणाऱ्याचा) हात आधी इंजेक्शन प्रेशरकडेच जातो.

आता रिसायकल दाण्याने वाद पुन्हा पेटवला आहे. भारतीय नियमांनी 2025-26 साठी कडक प्लॅस्टिक पॅकेजिंगमध्ये 30 टक्के रिसायकल माल ठरवला. असा दाणा लॉटागणिक पातळ-घट्ट निघतो, आणि तिथे नुसत्या स्क्रूच्या जागेवर केलेला स्विचओव्हर फसू शकतो.