आयईएलटीएसच्या तयारीला लागण्याआधी

आयईएलटीएस ही परदेशी शिक्षण, नोकरी किंवा स्थलांतरासाठी द्यावी लागणारी इंग्रजी भाषेची परीक्षा. हे माहितीपत्रक आमच्याकडे चौकशीला येणारे विद्यार्थी, नर्सिंग झालेल्या मुली-मुले आणि त्यांचे पालक यांच्यासाठी आहे. परीक्षेची फी पाच आकडी आहे आणि निकाल साधारण दोन वर्षेच ग्राह्य धरतात. म्हणून तारीख घेण्याआधी हे एकदा निवांत वाचावे.

कोणती परीक्षा आणि किती बँड

ॲकॅडमिक आणि जनरल ट्रेनिंग असे दोन प्रकार आहेत. परदेशी विद्यापीठातला प्रवेश आणि परिचारिकांची नोंदणी यासाठी बहुतेक ठिकाणी ॲकॅडमिक लागते. कॅनडासारख्या देशात कायम राहण्याचा अर्ज करायचा असेल तर जनरल ट्रेनिंग. लिसनिंग आणि स्पीकिंग दोन्हींत सारखेच असते, रीडिंग आणि रायटिंग वेगळे. ब्रिटनच्या काही व्हिसांसाठी 'आयईएलटीएस फॉर यूकेव्हीआय' या नावाची स्वतंत्र नोंदणी करावी लागते. पेपर तोच असला तरी साधा निकाल तिथे चालत नाही. प्रकार चुकला तर कितीही चांगला निकाल त्या कामासाठी निरुपयोगी ठरतो.

बँड म्हणजे या परीक्षेतले गुण: 0 ते 9, अर्ध्या-अर्ध्याने. चार विभागांची सरासरी काढतात आणि ती .25 आली तर वरच्या अर्ध्यावर, .75 आली तर वरच्या पूर्णांकावर नेतात. समजा लिसनिंग 7, रीडिंग 6.5, रायटिंग 5.5, स्पीकिंग 6. सरासरी 6.25, म्हणजे एकूण 6.5. घरी पेढे वाटायला हरकत नाही, पण विद्यापीठाच्या पत्रात 'एकाही विभागात 6 पेक्षा कमी नको' असे असेल तर हा निकाल कामाचा नाही. ब्रिटनच्या नर्सिंग परिषदेला रायटिंगमध्ये 6.5 आणि बाकी तिन्हींत 7 लागतात. कॅनडात सीएलबी (भाषेची पातळी मोजण्याचे तिथले प्रमाण) 9 ची पातळी हवी असेल तर लिसनिंगला 8 आणि उरलेल्या तिन्हींना 7. म्हणून आमच्याकडे येताना 'साडेसहा पाहिजेत' एवढेच सांगू नका, विभागवार अट लिहिलेले पत्र किंवा त्याची प्रिंट आणा.

लिसनिंग आणि ॲकॅडमिक रीडिंगमध्ये 40 पैकी साधारण 23 बरोबर आले की 6, 30 आले की 7, 35 आले की 8. जनरल ट्रेनिंगचे रीडिंग सोपे असते, म्हणून तिथे 7 साठी 34 च्या आसपास लागतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. एकही जागा कोरी ठेवू नये.

पासपोर्टावरचे नाव

भारतात या परीक्षेला ओळखपत्र म्हणून फक्त मूळ पासपोर्ट चालतो. आधार, पॅन, झेरॉक्स काही चालत नाही. नोंदणीत टाकलेला पासपोर्टच परीक्षेच्या दिवशी हातात हवा, त्यामुळे मुदत संपत आली असेल तर नूतनीकरण आधी करा. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे, मग वडिलांचे नाव असते. पासपोर्टात आडनावाचा रकाना वेगळा. नोंदणी करताना गुणपत्रिका बाजूला ठेवून पासपोर्टात आहे तसेच, अक्षर न् अक्षर तपासून भरावे. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी हे विशेष पाहावे.

लिसनिंग: 30 मिनिटे, 40 प्रश्न

ध्वनिफीत एकदाच ऐकवतात. चार भाग असतात आणि अवघडपणा वाढत जातो: रोजच्या कामाचे संभाषण, एका व्यक्तीची माहिती, विद्यार्थ्यांची चर्चा, शेवटी व्याख्यान. संगणकावरच्या परीक्षेत अखेरीस तपासायला फक्त 2 मिनिटे मिळतात. जुन्या सराव पुस्तकांत उत्तरे उतरवायला 10 मिनिटे दिलेली असतात, त्या सवयीने सराव केलात तर ऐन परीक्षेत धावपळ होते.

इथे गुण जातात ते बहुतेक तीन कारणांनी. एक, बोलणारा स्वतःचे वाक्य दुरुस्त करतो. 'ट्यूजडे' म्हणतो आणि लगेच 'सॉरी, वेन्सडे'. पहिले ऐकून लिहिणारा फसतो. दोन, शब्दाच्या शेवटचा 'स' निसटतो. 'टिकेट्स'च्या जागी 'टिकेट' लिहिले की उत्तर चूक. तीन, सूचनेत 'दोनपेक्षा जास्त शब्द नकोत' असताना तीन लिहिले जातात. स्पेलिंग ब्रिटिश किंवा अमेरिकन कोणतेही चालते, पण चुकीचे चालत नाही.

सराव असा करा. 3 मिनिटांचा तुकडा घ्या, सबटायटल बंद ठेवून ऐका, मग थांबत थांबत शब्दशः लिहून काढा आणि संहितेशी ताडून पाहा. कंटाळवाणे काम आहे, पण कान यानेच तयार होतो. इंग्रजी मालिका पाहणे चांगलेच. त्याला अभ्यास म्हणू नये.

रीडिंग: 60 मिनिटे, 40 प्रश्न

ॲकॅडमिकमध्ये तीन मोठे उतारे असतात. उत्तरे उतरवायला वेगळा वेळ मिळत नाही. तिसरा उतारा सर्वात जड, म्हणून पहिल्यावर 17, दुसऱ्यावर 20 आणि तिसऱ्यावर 23 मिनिटे अशी विभागणी करावी.

सर्वात जास्त वाद होतो तो 'ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन' या प्रश्नावर. उताऱ्यात म्हटले आहे की गावात साखर कारखाना आला आणि उसाखालचे क्षेत्र वाढले. प्रश्नातले विधान: कारखान्यामुळे शेतकऱ्यांचे उत्पन्न वाढले. कोल्हापूरच्या माणसाला हे ट्रूच वाटणार! पण उताऱ्यात उत्पन्नाचा उल्लेख नाही, म्हणून उत्तर नॉट गिव्हन. उतारा विधानाच्या उलट बोलत असेल तरच फॉल्स. आपल्याला काय माहीत आहे हे कोणी विचारलेले नाही.

रायटिंग: बहुतेकांचा बँड इथेच अडतो

60 मिनिटांत दोन टास्क. पहिला किमान 150 शब्दांचा, दुसरा किमान 250. दुसऱ्याचे वजन पहिल्याच्या दुप्पट, म्हणून 20 आणि 40 मिनिटे ही वाटणी मोडू नये. तपासणीचे चार निकष आहेत आणि चौघांना समान वजन: विचारले त्याचे उत्तर दिले का, मांडणी सुसंगत आहे का, शब्दसंपदा, आणि व्याकरण.

ॲकॅडमिकचा टास्क 1 म्हणजे आलेख, तक्ता, नकाशा किंवा प्रक्रिया. आकडे ओळीने वाचून दाखवायचे नसतात. सगळ्यांत ठळक काय घडले हे दोन वाक्यांत सांगणारा 'ओव्हरव्ह्यू' हवाच. तो नसला तर भाषा चांगली असूनही बँड खाली येतो. कारणे आणि मते इथे लिहू नयेत. लाख-कोटी तर नकोतच: दीड लाख म्हणजे वन हंड्रेड अँड फिफ्टी थाउजंड, दोन कोटी म्हणजे ट्वेंटी मिलियन. जनरल ट्रेनिंगमध्ये पत्र असते. त्यात दिलेले तिन्ही मुद्दे यायलाच हवेत, आणि मित्राला लिहिताना 'रिस्पेक्टेड सर'चा सूर नको.

टास्क 2 मध्ये शाळेतला निबंध आडवा येतो. 'आजच्या धावपळीच्या युगात' छापाची सुरुवात, मग अलंकारिक भाषा, शेवटी सुविचार. परीक्षकाला यातले काहीच नको असते. पहिल्याच परिच्छेदात तुमची भूमिका, पुढच्या प्रत्येक परिच्छेदात एकच मुद्दा, त्याचे कारण आणि एक नेमके उदाहरण, एवढे पुरते. प्रश्न 'दोन्ही बाजू मांडा आणि स्वतःचे मत द्या' असा असेल आणि मत राहिले, तर पहिल्याच निकषात फटका बसतो. इंटरनेटवरून पाठ केलेले परिच्छेद परीक्षक सहज ओळखतात. 5 मिनिटे मुद्दे, 30 मिनिटे लेखन, 5 मिनिटे तपासणी.

त्या शेवटच्या 5 मिनिटांत काय तपासायचे? मराठीत 'ए' आणि 'द' ही उपपदे नाहीत, म्हणून ती आपल्याकडून सर्रास गळतात. 'ही', 'शी' नंतरच्या क्रियापदाचा 'स' विसरतो. 'इन्फॉर्मेशन', 'ॲडव्हाइस', 'इक्विपमेंट' यांचे अनेकवचन करून टाकतो. 'डिस्कस अबाउट' लिहितो, तिथे 'अबाउट' नको. आणि 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स' हे तर घरोघरी: बरोबर वाक्य 'आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर टू इयर्स'.

संगणकावर स्पेलिंगखाली लाल रेघ येत नाही. शब्दसंख्या तेवढी दिसते. मोबाइलवर अंगठ्याने टाइप करण्याची सवय असलेल्यांनी पहिल्या आठवड्यापासून खऱ्या कीबोर्डवर लिहावे, नाहीतर तासाभरात 400 शब्द होत नाहीत.

स्पीकिंग: 11 ते 14 मिनिटे

परीक्षक समोर असेल किंवा व्हिडिओ कॉलवर. गुण देण्याची पद्धत तीच. पहिल्या भागात स्वतःविषयी साधे प्रश्न, दुसऱ्यात कार्डावरचा विषय (1 मिनिट तयारी, 1 ते 2 मिनिटे बोलणे), तिसऱ्यात त्याच विषयावर चर्चा.

कार्ड मिळाले की पूर्ण वाक्ये लिहू नका, सात-आठ शब्द टिपा. पाठ केलेली सहल सांगण्यापेक्षा पन्हाळा, तालीम किंवा गुऱ्हाळ यांवर बोलणे सोपे जाते, कारण सांगायला खरे तपशील असतात: रस कढईत किती वेळ आटतो, मळी कशी काढतात, गूळ साच्यात कधी ओततात. फक्त समोरच्याला गुऱ्हाळ माहीत नाही हे धरून एका वाक्यात ओळख करून द्या. आणि एकदा गेलेल्या जागेबद्दल बोलताना शेवटपर्यंत भूतकाळ सांभाळा; अर्ध्यात वर्तमानकाळात घसरणे ही फार नेहमीची चूक आहे.

मराठी वळणाच्या उच्चारांना गुण कापत नाहीत, शब्द कळला नाही तर कापतात. आपला 'व' इंग्रजीच्या दोन वेगळ्या अक्षरांच्या मधला आहे. 'वेस्ट' म्हणजे पश्चिम म्हणताना ओठ गोल करा, 'व्हॅन' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लावा. भरभर बोलून फ्लुएन्सी वाढत नाही, उलट चुका वाढतात.

किती दिवस, आणि परीक्षेचा दिवस

रोज दीड-दोन तास देणाऱ्याने सहा ते आठ आठवडे धरावेत. मराठी माध्यमातून आलेल्यांचे व्याकरण बहुधा पक्के असते, त्यांनी निम्मा वेळ ऐकण्याला द्यावा. इंग्रजी माध्यमवाल्यांचे बोलणे बरे असते पण स्पेलिंग आणि लेखन कच्चे निघते. म्हणून आम्ही आधी चारही विभागांची पूर्ण चाचणी घेतो, मगच कोणती बॅच ते सांगतो. परीक्षेची तारीख त्यानंतर घ्या, आधी नको.

केंद्र पुण्याचे घेतले असेल तर आदल्या रात्रीच मुक्कामाला जा. महामार्गाची कामे आणि घाट धरून पहाटेची गाडी वेळेत पोहोचेल याचा भरवसा नाही, आणि उशिरा येणाऱ्याला आत घेत नाहीत. स्पीकिंगची वेळ त्याच दिवशी असेलच असे नाही, परतीचे तिकीट ते पाहून काढा.

एकाच विभागात अर्धा बँड कमी पडला तर संगणकावरच्या परीक्षेनंतर 60 दिवसांच्या आत तेवढाच विभाग पुन्हा देता येतो, त्याला वन स्किल रीटेक म्हणतात. मात्र हा निकाल सगळ्या संस्था स्वीकारत नाहीत. पैसे भरण्याआधी तुमच्या विद्यापीठाला ईमेल करून लेखी होकार घ्या आणि तो ईमेल जपून ठेवा.