'नाइस'चा अर्थ एकेकाळी मूर्ख होता

हवा नाइस, पुस्तक नाइस, माणूसही नाइस. बरं बोलायचं पण फार खोलात शिरायचं नाही, अशा वेळी इंग्रजीत हेच विशेषण आधी तोंडात येतं. चौदाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये मात्र कुणाला 'नाइस' म्हटलं असतं, तर त्याला राग येण्याचीच शक्यता जास्त. तेव्हा त्याचा अर्थ होता मूर्ख, अडाणी.

मूळ लॅटिनमध्ये आहे. 'ने' म्हणजे नाही, 'स्कीरे' म्हणजे जाणणे. त्यावरून 'नेस्कियस', ज्याला काही ठाऊक नाही असा. 'सायन्स' हा शब्दही याच 'स्कीरे'च्या कुळातला. जुन्या फ्रेंचमध्ये 'नेस्कियस'चं 'नीस' झालं. १०६६ मध्ये फ्रान्समधून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबारात फ्रेंच रुळली, आणि पुढच्या शतकांत असे कितीतरी शब्द इंग्रजीत आले. चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर याच्याकडे 'नाइस' मूर्ख याच अर्थाने भेटतो.

खरी गंमत पुढे आहे. मूर्खाचा झाला छचोर, मग नखरेल, मग पटकन काही पसंत न पडणारा, चोखंदळ. चोखंदळ माणूस बारीकसारीक फरक पाहतो, म्हणून सोळाव्या शतकात 'नाइस'ला सूक्ष्म, काटेकोर असा अर्थ चिकटला. काटेकोरातून नाजूक आणि नीटस, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सरसकट छान. जेन ऑस्टिनच्या १८१७ अखेर आलेल्या 'नॉर्थँगर ॲबी' या कादंबरीत हेन्री टिलनी नायिकेला यावरूनच चिडवतो: हा शब्द म्हणजे सगळ्यालाच चालतो! म्हणजे अतिवापराची तक्रारही दोनशे वर्षांची आहे.

'सिली' नेमका उलट्या वाटेने गेला. त्याचा मूळ अर्थ सुखी, धन्य. मग निष्पाप, मग बिचारा, शेवटी मूर्ख. जर्मनमधला त्याचा भाऊबंद 'झेलिग' आजही धन्यच आहे.

शब्दांनी अर्थ बदलू नये असा आग्रह मी धरणार नाही. पण 'नाइस'मधला काटेकोरपणा विरत चालला याची मला मनापासून हळहळ वाटते, कारण 'छान'साठी इंग्रजीत डझनभर शब्द आहेत. तो पुरता गेलेला नाही. कायद्याच्या किंवा तत्त्वज्ञानाच्या लिखाणात 'नाइस डिस्टिंक्शन' दिसलं, तर लेखक त्या फरकाचं कौतुक करत नसतो. फरक फार बारीक आहे, नीट पाहा, एवढंच तो सांगत असतो.