उन्हावर जगणारे आणि शिकारही करणारे प्लवक

प्लवक म्हणजे पाण्यात तरंगत राहणारे सूक्ष्म जीव. शाळेत त्यांचे सरळ दोन गट शिकवतात, वनस्पती प्लवक उन्हावर अन्न बनवतात आणि प्राणी प्लवक त्यांना खातात. दोन्ही करणारे, म्हणजे मिक्सोट्रॉफ, शास्त्रज्ञांना माहीत होते पण अपवाद म्हणून बाजूला ठेवलेले. कारण एकाच पेशीत हरितलवकंही पोसायची आणि शिकार गिळून पचवायची सोयही ठेवायची, म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या, मग एकाच कामात तरबेज असलेल्यांपुढे यांचा टिकाव कसा लागणार?

१९८६ मध्ये बर्ड आणि काल्फ यांनी दाखवलं की तळ्यातलं डायनोब्रायन हे शैवाल इतके बॅक्टेरिया खातं की तिथले क्रस्टेशियन, रोटिफर आणि सिलिएट हे प्राणी प्लवक मिळूनही तेवढे खात नाहीत. अपवाद म्हणायची सोयच संपली. मग १९९६ मध्ये थिंगस्टाड आणि सहकाऱ्यांनी गणितातून जे मांडलं ते मला या सगळ्याचं मर्म वाटतं. पाण्यातल्या फॉस्फरससारख्या क्षारांसाठी बॅक्टेरिया शैवालाचे प्रतिस्पर्धी असतात, आणि लहान असल्यामुळे ते क्षार जास्त चांगले ओढतात. मिक्सोट्रॉफ त्या स्पर्धेत उतरतच नाही, तो प्रतिस्पर्ध्यालाच खातो, म्हणजे क्षारही मिळाले आणि स्पर्धकही कमी झाला.

प्रत्यक्ष पुरावा जर्मनीच्या लुसाटिया भागात, खाणीमुळे तयार झालेल्या एका आम्लयुक्त तळ्यात मिळाला (टिटेल आणि सहकारी, २००३). तिथे ऑक्रोमोनास हा मिक्सोट्रॉफ क्लॅमिडोमोनास या निव्वळ उन्हावर जगणाऱ्या शैवालाला खातो. वरच्या उजेडातल्या थरात त्याला शिकार कमी पडली तरी ऊन असतंच, त्यामुळे उपासमार होत नाही आणि तो भक्ष्य पार संपत येईपर्यंत खात राहतो, निव्वळ शिकाऱ्याला हे जमत नाही. क्लॅमिडोमोनास मग खाली, अंधुक उजेडातच तग धरून राहतं.

आपल्यासाठी हा विषय लांबचा नाही. कोकणात रात्री लाटा निळ्या चमकतात त्या बऱ्याचदा नॉक्टिलुका या एकपेशीय प्लवकामुळे. तिचं लाल रूप निव्वळ शिकारी, पण हिरवं रूप पोटात हिरवी शैवालं (आधी पेडिनोमोनास म्हणत, आता प्रोटोयुग्लिना) जिवंत पाळतं आणि वर डायटम ही उन्हावर जगणारी एकपेशीय शैवालंही खातं. २००० नंतर उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात डायटमची जागा या हिरव्या नॉक्टिलुकाने घेतलेली दिसते. मूळच्या गोव्यातल्या हेल्गा गोम्स आणि जोकिम गोज यांच्या गटाने २०१४ मध्ये याचा संबंध पाण्यातला ऑक्सिजन कमी होण्याशी जोडला, पण सगळ्यांना ते पटलेलं नाही आणि वाद चालू आहे.