बहुविकलांगता आणि स्वावलंबनाची सहायक साधने

जेवण, आंघोळ, दात घासणे, कपडे घालणे, शौच ही रोजची कामे बहुविकलांग, म्हणजे एकाहून अधिक अपंगत्वे असलेल्या, व्यक्तीला स्वतःची स्वतः किंवा थोड्या मदतीने करता यावीत, यासाठी वापरायची साधने. वाकवलेल्या चमच्यापासून सेन्सरपर्यंत सगळे यात येते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत बहुविकलांगता हा वेगळा प्रकार असून बधिरांधत्व, म्हणजे ऐकणे आणि दिसणे दोन्ही अधू असणे, त्यातच मोडते.

एका अपंगत्वासाठी केलेले साधन दुसऱ्या अपंगत्वामुळे निरुपयोगी ठरते, ही इथली मुख्य अडचण. अंधांसाठीचे बोलणारे घड्याळ बधिरांध व्यक्तीच्या कामाचे नाही. ऐकू न येणाऱ्याला चित्रांचे तक्ते चालतात, पण नजरही अधू असेल तर तेही गेले. म्हणून मान वळवणे, मूठ मिटणे, पापणी लववणे अशी हमखास ताब्यातली एखादी हालचाल आणि शाबूत असलेली एखादी संवेदना आधी शोधतात. साधन त्यानंतर ठरते. दुकानात जाऊन आधी महागडे यंत्र आणणाऱ्यांचे पैसे बहुधा वाया जातात.

सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणे) असलेल्या मुलाच्या जेवणात हातापेक्षा बैठक आधी पाहावी लागते. सी.पी. चेअरमध्ये, म्हणजे अशा मुलांसाठीच्या आधाराच्या खुर्चीत, कंबर, पाठ, पावले नीट टेकलेली आणि कोपर टेबलावर हवे. धडच डुगडुगत असेल तर घास तोंडापर्यंत पोचत नाही. मग जाड मुठीचा, तोंडाकडे वळवलेला चमचा, उभ्या काठाचे ताट आणि ताटाखाली न सरकणारी रबरी चटई. पकडच नसेल तर चमचा तळहाताला वेल्क्रोच्या पट्ट्याने बांधतात. जाड मूठ विकतच आणावी असे नाही, सायकलच्या हँडलची रबरी मूठही चालते. नाकासमोरचा काठ कापलेल्या पेल्यातून मान मागे न टाकता पाणी पिता येते आणि ठसका टळतो.

ब्रिटनमधील कील विद्यापीठात माइक टॉपिंग यांनी १९८७ मध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या एका मुलासाठी ‘हँडी १’ हा जेवायला मदत करणारा रोबो तयार केला. जपानच्या सेकॉम कंपनीचा ‘माय स्पून’ही याच जातीचा. ही यंत्रे चमच्यावर बेतलेली आहेत. खिचडी, वरणभात यांच्यापुरती ती ठीक. भाकरी मोडून कालवणाशी खायची तर त्यांचा उपयोग नाही.

इटलीचे मानसशास्त्रज्ञ जुलिओ लान्चोनी आणि सहकाऱ्यांनी मायक्रोस्विचचा, म्हणजे अगदी छोट्या हालचालीने चालू होणाऱ्या कळीचा, मार्ग दाखवला. सतत लाळ गळणाऱ्या व्यक्तीने तोंड पुसले की सेन्सर ती हालचाल टिपतो आणि काही क्षण तिचे आवडते संगीत लागते. हे प्रयोग मोजक्या व्यक्तींवरचे आहेत, त्यामुळे सरसकट निष्कर्ष काढू नयेत.

बधिरांध मुलांसाठी नेदरलँड्सचे यान फान डाइक यांनी रुजवलेली वस्तूंची दिनदर्शिका विजेशिवाय चालते. खणांच्या पेटीत दिवसाच्या क्रमाने वस्तू ठेवतात: साबणदाणी म्हणजे आंघोळ, चमचा म्हणजे जेवण. मूल वस्तू चाचपते, ती घेऊन कामाला जाते आणि काम संपले की वेगळ्या डब्यात टाकते. पुढे काय होणार हे कळल्याने अंगावर अचानक पाणी पडल्याचा धसका बसत नाही.

आंघोळ-शौचासाठी कमोड खुर्ची, भिंतीचे दांडे, लांब नळीचा हँड शॉवर पुरेसे ठरतात. मोठ्या वयाच्या व्यक्तीला यातून थोडा तरी खासगीपणा मिळतो, ही बाब मूल्यमापनाच्या तक्त्यात क्वचितच मोजली जाते.

भारतात कानपूरची अलिम्को ही सरकारी कंपनी साधने बनवते, तर चेन्नईजवळ मुट्टुकाडू येथे बहुविकलांगांसाठी राष्ट्रीय संस्था आहे. मुंबईत हेलन केलर संस्था बधिरांधांसाठी काम करते. दिव्यांगांना साधने देणाऱ्या केंद्राच्या अ‍ॅडिप योजनेत त्याच कारणासाठी पुन्हा साधन मिळायला तीन वर्षे थांबावे लागते. बारा वर्षांखालील मुलांसाठी ही अट एक वर्षाची आहे, कारण वाढत्या मुलाला सी.पी. चेअर लवकर लहान पडते. मधल्या काळात पट्टे बदलणे, पायाची फळी खाली घेणे ही कामे बहुधा गल्लीतला सुतार किंवा वेल्डरच करून देतो.