हायस्कूल बेसबॉल, स्काऊट आणि शोकेस: हे सगळं इथवर कसं आलं

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांची पोरं आता बऱ्यापैकी बेसबॉल खेळतात. मुलगा नववी-दहावीत गेला की घरात ठरलेले प्रश्न सुरू होतात, हे शोकेस, म्हणजे क्लब आणि कॉलेजच्या लोकांसमोर खेळून दाखवायचा मेळावा, काय असतं, त्याला एवढे पैसे का भरायचे, आणि शाळेचा कोच काही करत का नाही. नुसते आजचे नियम वाचून याचं उत्तर मिळत नाही, जरा मागे जावं लागतं, कारण ही सिस्टिम कोणी एकदा बसून आखलेली नाहीये, ऐंशी-नव्वद वर्षांत एकेक भांडण आणि एकेक नियम होत होत ती अशी झालीय. मला त्यातला सगळ्यात मोठा बदल हा वाटतो की पूर्वी शोधणारा माणूस, म्हणजे क्लबचा स्काऊट, पोराच्या गावी यायचा, आता पोराला शोधणाऱ्याकडे जावं लागतं आणि तेही आईबापाच्या खर्चाने.

जुना काळ समजायला बॉब फेलर पुरेसा आहे. आयोवा राज्यात व्हॅन मीटर नावाचं छोटं गाव, वडील शेतकरी, पोरगा भन्नाट वेगाने बॉल टाकतो अशी बातमी क्लीव्हलँड क्लबचा स्काऊट साय स्लॅपनिकाच्या कानावर गेली आणि १९३५ मध्ये तो तिथे जाऊन थडकला. करार केवढ्याला, तर एक डॉलर आणि टीमच्या सह्या असलेला एक बॉल! पुढच्याच वर्षी, १७ वर्षांचा असताना, फेलरने मेजर लीगमध्ये (सगळ्यात वरची व्यावसायिक लीग) पहिल्यांदा सुरुवातीचा पिचर म्हणजे बॉल टाकणारा म्हणून उतरून सेंट लुईस ब्राऊन्सचे १५ जण स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइकवर बाद) केले आणि सीझन संपल्यावर परत हायस्कूल पूर्ण करायला गेला. गंमत अशी की तेव्हाच्या नियमांनुसार मेजर लीग क्लबला अशा पोराला थेट साइन करताच येत नव्हतं, त्यामुळे प्रकरण बेसबॉलचे सर्वोच्च अधिकारी, कमिशनर लँडिस यांच्यापर्यंत गेलं. त्यांनी फेलरला क्लीव्हलँडकडेच राहू दिलं पण डे मॉइनच्या मायनर लीग, म्हणजे मेजरच्या खालच्या लीगमधल्या, क्लबला ७,५०० डॉलर भरपाई द्यायला लावली.

त्या वेळचा स्काऊट म्हणजे अर्धा शोधणारा आणि अर्धा सेल्समन. हजारो मैल गाडी चालवायची, गावोगावच्या न्हाव्याशी, पोस्टमास्तरशी, शाळेच्या कोचशी ओळख ठेवायची, आणि यातूनच बिनपगारी खबऱ्यांचं जाळं तयार व्हायचं, त्यांना बर्ड डॉग म्हणायचे. उन्हाळ्यात शाळा बंद असल्या की अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या मॅचेस असायच्या, ही स्पर्धा १९२५ मध्ये साऊथ डकोटातल्या मिलबँक गावात ठरली आणि पुढे कित्येक दशकं स्काऊट लोकांचा उन्हाळा तिथेच गेला. सेंट लुईस कार्डिनल्सच्या ब्रँच रिकी यांनी १९२० च्या दशकात याच्याही पुढचं पाऊल टाकलं. क्लबकडे पैसा कमी, श्रीमंत क्लबशी बोली लावणं परवडेना, म्हणून त्यांनी छोट्या गावांतले मायनर लीग क्लबच स्वतःकडे घ्यायला सुरुवात केली आणि खुल्या ट्रायआऊट कॅम्पना शेकडो पोरं बोलावून त्यातली कच्ची पण चपळ पोरं उचलली. आज सगळ्यांकडे असलेली फार्म सिस्टिम ती हीच.

पण या जाळ्यातून काळी पोरं बाहेरच होती, हे विसरून चालणार नाही. विली मेज १९४८ मध्ये हायस्कूलमध्ये असतानाच बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्स या काळ्या खेळाडूंच्या व्यावसायिक क्लबकडून खेळत होता, म्हणजे त्याला शोधायला कोणी यायची वाटच बघावी लागली नाही, तो मोठ्या माणसांत खेळतच होता, फक्त मेजर लीगच्या क्लबांनी तिकडे बघायला सुरुवात केली ती १९४५ मध्ये रिकींनी जॅकी रॉबिन्सन या काळ्या खेळाडूला साइन केल्यानंतर. पुढे बक ओ'नील १९५० च्या दशकात शिकागो कब्जचे स्काऊट झाले. दक्षिणेतल्या काळ्यांच्या कॉलेजांमध्ये, जिथे इतर स्काऊट फिरकत नव्हते, तिथे ते जायचे, लू ब्रॉक त्यांनीच सदर्न युनिव्हर्सिटीतून आणला. १९६२ मध्ये ते मेजर लीगमधले पहिले काळे कोच झाले आणि हॉल ऑफ फेममध्ये त्यांना घेतलं २०२२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी. मला याचा अजूनही राग येतो.

आता पैशाचं. १९४९ मध्ये यँकीजच्या टॉम ग्रीनवेडने ओक्लाहोमाच्या कॉमर्स गावातून शाळा नुकतीच संपवलेला मिकी मँटल उचलला तो सगळं मिळून १,५०० डॉलरच्या आसपास. पण महायुद्धानंतर क्लबांमध्ये शाळकरी पोरांसाठी बोली वाढायला लागल्या होत्या, म्हणून मालकांनी बोनस रूल आणला. १९५३ च्या नियमात असं होतं की ४,००० डॉलरपेक्षा जास्त बोनस दिला तर त्या पोराला दोन वर्षं मेजर लीगच्या टीममध्येच ठेवायचं, खाली शिकायला पाठवायचं नाही. शिक्षा खरं तर क्लबला होती पण भोगली पोरांनी. सँडी कूफॅक्सने १९५४ च्या डिसेंबरमध्ये १४,००० डॉलर बोनसवर डॉजर्सशी करार केला आणि शिकायच्या वयात तो बहुतेक वेळ बाकावर बसला. तो कूफॅक्स होता म्हणून पुढे निभावला, बाकी कित्येक बोनस बेबी असेच बसून बसून संपले.

१९६४ मध्ये एंजल्सने रिक रायकार्ट नावाच्या कॉलेज खेळाडूला दोन लाख डॉलरहून जास्त बोनस दिला आणि मग मालकांचा धीर सुटला. १९६५ च्या जूनमध्ये पहिला ड्राफ्ट झाला. हे आपल्या आयपीएलच्या लिलावासारखं नाही, इथे बोलीच नाही, २०२२ पर्यंत शेवटच्या नंबरचे क्लब आधी निवडायचे, आणि ज्याने निवडलं त्याच क्लबशी बोलायचं, पटलं नाही तर कॉलेजला जायचं. स्काऊटचं काम त्या दिवशी बदललं. आधी पोरगा सापडला, त्याच्या आईच्या हातचं जेवलात, बापाचा विश्वास कमावलात की पोरगा तुमचा. आता तुम्ही तीन वर्षं त्याच्या मागे असलात तरी दुसरा क्लब तुमच्या आधी नाव घेऊन मोकळा होतो.

याचं सगळ्यात भारी उदाहरण टेक्सासच्या अल्विन हायस्कूलचा नोलन रायन. मेट्सचा स्काऊट रेड मर्फ १९६३ मध्ये एका शाळेच्या टूर्नामेंटला वाट वाकडी करून थांबला आणि त्याने या हडकुळ्या पोराचे मोजून दोन फास्टबॉल पाहिले. आदल्या रात्री ह्यूस्टनमध्ये त्याने मेजर लीगची मॅच पाहिली होती, टर्क फॅरेल आणि जिम मलोनी, दोघेही तुफान वेगवान, आणि मर्फचं मत पडलं की हा पोरगा त्या दोघांपेक्षा फास्ट टाकतोय. तेव्हा रडार गन नव्हती बरं का, डोळा आणि कॅचरच्या ग्लव्हजचा आवाज, एवढंच मोजमाप! पुढची दोन वर्षं तो रायनच्या मागे राहिला आणि ड्राफ्टच्या आधी मेट्सचे वरिष्ठ अधिकारी बिंग डिव्हाइन यांना स्वतः बघायला घेऊन आला. नेमकं त्याच्या आधी टीम हरली म्हणून कोचने सगळ्यांना पळवून पळवून दमवलेलं, रायनच्या हातापायात जीव नव्हता, वरिष्ठांसमोर बॅटर्सनी त्याचे बॉल बदडून काढले. परिणाम, मेट्सने त्याला घेतलं पण बाराव्या फेरीत, २९५ व्या नंबरवर. म्हणजे त्याच्याआधी २९४ नावं पुकारली गेली, आणि हा माणूस पुढे ५,७१४ स्ट्राइकआऊट आणि सात नो-हिटरवर (समोरच्या टीमला एकही हिट न देता संपवलेली मॅच) थांबला. शाळेच्या कोचच्या एका प्रॅक्टिसचं वजन केवढं असू शकतं ते यात दिसतं, आणि एका स्काऊटच्या चिकाटीचंही, कारण मर्फ हटला असता तर बाराव्या फेरीतही नाव आलं नसतं.

ड्राफ्टनंतर सगळं कागदावर आलं. रिपोर्ट लिहायचे, २० ते ८० च्या स्केलवर मार्क द्यायचे, ५० म्हणजे मेजर लीगचा सरासरी खेळाडू. १९७४ मध्ये मेजर लीग स्काऊटिंग ब्युरो निघाला, म्हणजे अनेक क्लबांना एकच रिपोर्ट. त्याच सुमारास मिशिगन स्टेटचे कोच डॅनी लिटव्हायलर यांनी पोलिसांची गाड्यांचा वेग मोजायची रडार गन बघितली आणि ती बॉलवर वापरून पाहिली, तिथून पुढे प्रत्येक मैदानाच्या मागे गन धरून बसलेली माणसं आली. वेग हा असा आकडा आहे की तो ऑफिसात बसलेल्या बॉसला फोनवर सांगता येतो. पोरगा स्ट्राइकआऊट झाल्यावर डगआऊटमध्ये (टीमच्या बाकावर) कसा वागतो हे फोनवर सांगता येतं पण पटवता येत नाही. इथूनच पोरं आकड्याच्या मागे लागली आणि कोपराच्या ऑपरेशनचं वय खाली खाली आलं, शेवटी २०१४ मध्ये एमएलबी (मेजर लीग बेसबॉल) आणि यूएसए बेसबॉल या राष्ट्रीय संघटनेला वयानुसार किती पिच टाकायचे याच्या पिच स्मार्ट गाइडलाइन्स काढाव्या लागल्या.

दुसरीकडे कॉलेजचे कोच होतेच. ड्राफ्टमुळे पोरांच्या हातात एकच पत्ता उरला होता, पैसे कमी वाटले तर मी कॉलेजला जातो. चार वर्षांच्या कॉलेजला गेलं की साधारणपणे तिसरं वर्ष संपेपर्यंत किंवा २१ वय होईपर्यंत परत ड्राफ्टमध्ये येता येत नाही, म्हणून क्लबला विचार करावा लागतो. रँडी जॉन्सनला अटलांटाने १९८२ मध्ये हायस्कूलमधून चौथ्या फेरीत घेतलं होतं, तो नाही म्हणाला आणि कोच रॉड डेडो यांच्याकडे यूएससीला (युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया) गेला. क्लिफ गुस्टाफसनसारखे कोच तर टेक्सासमध्ये हायस्कूलच्या टीम घडवत घडवत टेक्सास युनिव्हर्सिटीचे कोच झाले, त्यामुळे राज्यातला प्रत्येक शाळेचा कोच त्यांना ओळखायचा आणि एका फोनवर काम व्हायचं. शाळेच्या कोचचा मान होता तो असा. १९९१ मध्ये यँकीजने पहिल्या नंबरवर नॉर्थ कॅरोलायनाचा हायस्कूल पिचर ब्रायन टेलर घेतला, घरच्यांनी पहिली ऑफर धुडकावली, सल्लागार होते खेळाडूंचे एजंट स्कॉट बोरास, आणि करार झाला १५.५ लाख डॉलरला. दोन वर्षांनी एका मारामारीत खांदा गेला आणि तो मेजर लीगमध्ये कधीच खेळला नाही. तेव्हापासून हायस्कूल पिचरवर पहिला नंबर खर्च करताना क्लब दहादा विचार करतात.

मग आले शोकेस. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात एरिया कोड गेम्स सुरू झाल्या, १९९० च्या दशकात आयोवाच्या सीडर रॅपिड्समध्ये जेरी फोर्ड यांनी परफेक्ट गेम ही शोकेस भरवणारी कंपनी काढली. मूळ कल्पना चांगलीच होती. आयोवात बर्फ, सीझन छोटा, आणि पोरं चांगली असली तरी बघायला कोणी येईना, तर सगळ्यांना एका ठिकाणी आणा, ६० यार्ड पळवा, थ्रोचा वेग मोजा, आकडे छापा. स्काऊट आणि कॉलेज कोच दोघांनाही हे इतकं सोयीचं पडलं की थोड्याच वर्षांत चांगल्या पोरांचा उन्हाळा लीजनमधून निघून ट्रॅव्हल टीममध्ये (गावोगाव फिरून खेळणाऱ्या खाजगी टीम) गेला. आज ऑक्टोबरमध्ये फ्लोरिडातल्या ज्युपिटरला जा, एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर गोल्फ कार्टमधून फिरणारे शेकडो स्काऊट आणि कोच दिसतील. एंट्री, हॉटेल, विमान, टीमची फी, सगळं घरच्यांनी भरायचं. ज्या घरात ते जमत नाही तिथला पोरगा कितीही चांगला असो, त्या मैदानावर तो नसतोच. अमेरिकन काळ्या खेळाडूंचं प्रमाण मेजर लीगमध्ये सहा टक्क्यांच्या आसपास आलंय, त्यामागे हे एकच कारण नाही, पण हे कारण आहेच.

यावर पहिला उपायही एका स्काऊटनेच काढला, जॉन यंग यांनी. लॉस एंजेलिसच्या साऊथ सेंट्रल भागातून पोरं येणं बंद झालंय हे त्यांना कामातच दिसलं आणि १९८९ मध्ये त्यांनी आरबीआय (रिव्हायव्हिंग बेसबॉल इन इनर सिटीज) हा शहरी वस्त्यांतल्या पोरांसाठीचा कार्यक्रम सुरू केला. २००६ मध्ये कॉम्प्टनला एमएलबीची युथ अकॅडमी उघडली, पुढे मेजर लीगमध्ये गेलेला पिचर हंटर ग्रीन तिथलाच. २०२२ च्या ड्राफ्टमधले पहिल्या पाचातले चार जण काळे होते आणि चौघेही एमएलबीच्या अशा कार्यक्रमांतून आलेले. म्हणजे पोरं होतीच, दार बंद होतं.

आणि तरीही आपल्या भागात गाडी काढून फिरणारा एरिया स्काऊट संपलेला नाही. पुढे मेजर लीगचा मोठा स्टार झालेला, न्यू जर्सीच्या मिलव्हिल हायस्कूलचा माइक ट्राऊट घ्या, थंड राज्य, कमी मॅचेस, लोकांना शंका. एंजल्सचा स्काऊट ग्रेग मॉरहार्ट मात्र ठाम होता, तो ट्राऊटच्या वडिलांबरोबर मायनर लीगमध्ये खेळला होता आणि हे शरीर, हा वेग त्याला ओळखीचा होता. २००९ च्या ड्राफ्टच्या वेळी टीव्हीच्या स्टुडिओत हजर असलेला ट्राऊट हा एकमेव खेळाडू, तो बसून राहिला आणि नाव आलं २५ व्या नंबरवर. त्याच्या आधीच्या २४ व्या नंबरवर एंजल्सनेच दुसरा हायस्कूल खेळाडू घेतला होता!

अलीकडे नियम भराभर बदललेत. आठवी-नववीतली पोरं कॉलेजला तोंडी होकार द्यायला लागली होती, म्हणून २०२३ मध्ये एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेने डिव्हिजन वनच्या (सगळ्यात वरच्या गटाच्या) कोचना अकरावी सुरू व्हायच्या आधीच्या १ ऑगस्टपर्यंत पोरांशी भरतीबद्दल बोलायला बंदी केली. डिव्हिजन वनच्या टीमला वर्षानुवर्षं फक्त ११.७ स्कॉलरशिप होत्या, त्या दोन-अडीच डझन पोरांत वाटायच्या, त्यामुळे पूर्ण स्कॉलरशिप ही बेसबॉलमध्ये दुर्मिळ गोष्ट. २०२५ पासून हिशोब बदलला, कोर्टातल्या तडजोडीनंतर त्यात सामील झालेल्या कॉलेजांना ३४ जणांची मर्यादा आली आणि कितीही जणांना स्कॉलरशिप द्यायची मुभा मिळाली. पण जागा कमी झाल्या, आणि ट्रान्सफर पोर्टलमुळे (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) कोचला २१-२२ वर्षांचा तयार खेळाडू मिळत असेल तर तो १८ वर्षांच्या पोरावर जुगार कशाला खेळेल. ड्राफ्टही आटला, कधीकाळी ५० फेऱ्या होत्या, २०१२ पासून ४०, कोविडच्या वर्षी फक्त ५ आणि २०२१ पासून २०.

या सगळ्यात मधल्या फळीतल्या पोरांसाठी महत्त्व वाढलंय ते ज्युनियर कॉलेजचं. तिथे दोन वर्षांचा कोर्स, फी कमी, रोज खेळायला मिळतं आणि ड्राफ्टला दर वर्षी पात्र. ब्राइस हार्परने हायस्कूल लवकर सोडून सदर्न नेवाडाचं असंच कॉलेज गाठलं आणि २०१० मध्ये पहिल्या नंबरवर गेला, तर अल्बर्ट पुहोल्स १९९९ मध्ये कॅन्सस सिटीजवळच्या मेपल वूड्समधून तेराव्या फेरीत, ४०२ व्या नंबरवर.